जुन्या ट्रकला इंजिन घेताय? आधी हे बघा

मुंबई रोडने माल भरून इंदूरला येताना मानपूरचा घाट चढावा लागतोच, म्हणून जुन्या ट्रकला इंजिन घेताना नुसता हॉर्सपॉवर विचारू नका भाऊ, टॉर्क (ओढायची ताकद) किती आणि किती आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) मिळतो ते विचारा, १४००-१५०० लाच जोर धरणारं इंजिन चढावर दम टाकत नाही. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनच्या) नादी लागू नका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, वायरिंग सगळंच बदलावं लागतं. मेकॅनिकल पंपवालं, त्याच मॉडेलचं घ्या, क्लच-गिअरबॉक्सला नीट बसतं.

सेकंडहँड असेल तर थंड असतानाच स्टार्ट करायला लावा, मग ऑइल भरायचं झाकण उघडा, भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, सोडून द्या. आणि हो, बिल घ्याच, आरटीओत आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो.