विहिरीवरच्या पंपाला व्होल्टेज कुठे कमी पडतं?

घर वर, विहीर खाली माडांच्या बागेत, मध्ये 100 मीटर वायर. पंप चालू ठेवूनच दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. बंद पंपावर करंटच नाही, मग घट दिसणार कशी? क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा मीटर, एकट्या फेजच्या वायरीवर लावायचा. फेज-न्यूट्रल दोन्ही पकडलीत तर शून्यच दाखवेल.

समजा, घरात 228, विहिरीवर 210 व्होल्ट, करंट 6 अँपिअर. घट 18 व्होल्ट. ढोबळ हिशेबाने 18 ÷ 6 = 3 ओहम रोध, म्हणजे वायरीचा करंटला होणारा अडथळा. वाया जाणारी पॉवर 18 × 6 = 108 वॉट.

आता ताळा. समजा, ही वायर 1.5 चौरस मिमी तांब्याची आहे; तिचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम. जाऊन-येऊन 200 मीटर, म्हणजे 2.4. उरलेले 0.6 ओहम वायरीच्या जोडात! खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं, वरून टेप मात्र ठाकठीक. तिथे करंट × करंट × रोध, म्हणजे 6 × 6 × 0.6, सुमारे 22 वॉट उष्णता. टेप वितळते ती यामुळेच. मेन स्विच बंद करून हिरवा भाग कापा, नवा जोड जलरोधक डबीत घ्या.

मोटारीचा रोध मात्र 210 ÷ 6 असा काढू नका. घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी; तिच्यावर मोटारीच्या गुंडाळीचा प्रेरक विरोधही (करंटच्या बदलाला होणारा अडथळा) येतो, आणि पॉवर काढताना व्होल्ट × अँपिअरला पॉवर फॅक्टरने (त्यातला खरोखर वापरला जाणारा हिस्सा) गुणावं लागतं.