खाण्याच्या फुलांच्या शेतावर स्वयंसेवक म्हणून जाताना

बोराजचं फूल निळं असतं, पाच टोकांच्या चांदणीसारखं, आणि मधोमध काळ्या पुंकेसरांचा एक छोटा सुळका. देठाला, कळ्यांना आणि फुलामागच्या हिरव्या कपाला टोचरी लव असते. देठासकट खुडलं तर ती लव खाणाऱ्याच्या जिभेला लागते. म्हणून तो काळा सुळका दोन बोटांच्या चिमटीत धरायचा आणि अलगद आपल्याकडे ओढायचा. फूल तयार असेल तर चांदणी सुटून हातात येते, कप झाडावरच राहतो. जोर लावावा लागला, तर ते फूल उद्याचं आहे असं समजायचं आणि पुढच्या झाडाकडे वळायचं.

हे मला पहिल्या सकाळी माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. अर्ध्या तासात डबाभर बोराज देठासकट खुडून आणली. शेत ज्यांचं, त्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो. काकूंनी डबा बघितला, शेजारी बसल्या आणि एकेक फूल कपातून सोडवायला लागल्या. निम्म्याहून जास्त फुलं त्यात फाटली. माझ्या अर्ध्या तासाच्या मदतीपायी त्यांचा तास गेला, आणि माल गेला तो वेगळाच.

त्याला आता तीन हंगाम झाले. नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवशी शेत दाखवायचं काम हल्ली माझ्याकडे असतं. त्यांना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते. बटाटा सोलला जातो, वांगं शिजतं, धान्य दळलं जातं. फूल मात्र आपल्या बोटांतून निघतं ते जवळजवळ तसंच, कच्चं, कुणाच्या तरी तोंडात जातं. शेतावरचे सगळे नियम या एका गोष्टीतून आलेले आहेत. ही गोष्ट डोक्यात बसली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

जायच्या आधी

शेत शोधायचं कसं, हे अवघड नाही. सेंद्रिय शेतांवर राहून काम करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९७१ साली सू कॉपर्ड या लंडनमध्ये सेक्रेटरी म्हणून काम करणाऱ्या बाईंनी सुरू केली. शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार शेतावर घालवता यावा, एवढाच हेतू होता. त्यातून ‘वूफ’ हे जाळं उभं राहिलं आणि आज ते अनेक देशांत आहे. साधारण हिशोब असा, की दिवसाचे चार ते सहा तास काम आणि बदल्यात राहणं-जेवण. वूफच्या बाहेरही पुष्कळ छोटी शेतं आठवड्यातून एखाददुसऱ्या सकाळी मदतीला येणाऱ्यांना घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सुचवते. चार सकाळी जाऊन बघा, मग मुक्कामाचं ठरवा. परदेशात जाणार असाल, तर राहण्या-जेवणाच्या बदल्यातलं काम त्या देशाच्या व्हिसाच्या नियमात ‘नोकरी’ धरलं जातं का, हे तिकिटाआधी तपासा. काही देशांत ते तसं धरलं जातं.

शेतमालकाला प्रश्न विचारायला संकोच करू नका. रोज किती तास, सुट्टी कधी, झोपायची सोय कुठे, दुखापत झाली तर विमा आहे का, हे विचाराच. पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे: रोपं कुठून आणता आणि फवारणी कशाची करता? शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या फुललेल्या रोपांवर मारलेली औषधं खाण्याच्या पिकाचा विचार करून मारलेली नसतात. म्हणून नीट काम करणारी माणसं बहुतेक फुलं बियांपासूनच वाढवतात. या प्रश्नाला मोकळं, तपशीलवार उत्तर मिळालं, की ते शेत शिकण्यासारखं आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी त्यांना आधी कळायला हव्यात. मधमाशीच्या डंखाची अॅलर्जी असेल तर ती, कारण इथे दिवसभर माशा सोबतीला असतात. आणि परागकणांची अॅलर्जी. कॅलेंडुला, कॅमोमाइल, झेंडू, कॉर्नफ्लॉवर ही सगळी एकाच सूर्यफुलाच्या कुळातली, आणि ज्यांना त्या कुळाचा त्रास आहे त्यांनी चव घेतानाही जपावं. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं होऊन गेली असतील तर जायच्या आधी घ्या. मातीत हात घालायचे आहेत.

कपड्यांचं फार काही नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, चिखलात चालणारे बूट. नखं कापलेली, अंगठ्या घरी. अत्तर किंवा वासाचं क्रीम अजिबात नको, पाकळी तो वास लगेच उचलते.

नाव माहीत नाही ते तोंडात नाही

काकूंच्या शेतावर हा नियम लहान मुलांनाही पाठ होता. सुंदर दिसतं म्हणून किंवा मुंग्या-पाखरं खातात म्हणून फूल खाण्याजोगं ठरत नाही. कण्हेर विषारी, धोतरा विषारी, डेल्फिनियम विषारी. वाटाण्याचं फूल खाता येतं, पण त्याच्यासारखंच दिसणारं सुगंधी स्वीट पी विषारी आहे. फॉक्सग्लोव्हची पानं फुलं नसताना बोराजच्या किंवा कॉम्फ्रेच्या पानांसारखी वाटतात, आणि फॉक्सग्लोव्हमधली विषारी द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. शेपू, बडीशेप, कोथिंबीर, पार्सली यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यांच्या कुळात तर विषारी हेमलॉकही आहे. त्याच्या गुळगुळीत खोडावर जांभळे ठिपके असतात, पण कोवळ्या रोपावर ते दिसतीलच असं नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं शेत ओळखायच्या मागे लागू नका. दिवसाला दोन झाडं घ्या. त्यांची कळी, पान, खोड, वास, बी सगळं बघा, आणि त्या वाफ्यात उगवणारं तणही त्यांच्याबरोबर ओळखायला शिका. झाडाच्या नावाची पाटी पडलेली असेल तर अंदाजानं परत लावू नका. ती हातात घेऊन मालकाकडे जा.

शेतावर सताप हे उग्र वासाचं झुडूप असेल तर एक जपा. त्याचा रस कातडीला लागला आणि वर ऊन पडलं, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालूनच त्याची छाटणी करायची. सेलरीच्या रसानंही काहींना तसा त्रास होतो.

तोडणी

तोडणीची वेळ सकाळची. दव वाळलेलं असावं आणि ऊन तापलेलं नसावं. अशी दीड-दोन तासांची फट रोज मिळते आणि दिवसाचं खरं काम तेवढ्यात उरकायचं असतं. ओलं फूल डब्यात काळं पडतं. तापलेलं फूल तोडल्याबरोबर मान टाकतं.

प्रत्येक फुलाला हात वेगळा लागतो. व्हायोला आणि पॅन्सी अख्ख्या खातात, त्या अंगठ्याच्या नखानं डोक्याखाली खुडायच्या. गुलाब आणि डायँथस यांच्या पाकळीचं बुडाकडचं पांढरं टोक कडू असतं, ते कापून टाकायचं. नॅस्टर्शियमची चव तिखट, कारण मोहरीला तिखटपणा देणाऱ्या द्रव्यांच्याच जातीची द्रव्यं त्यात असतात. त्याच्या मागे मधाची एक लांब शेपटी असते आणि तिच्यात मुंग्या दडून बसतात. फूल उलटं धरून हातावर दोनदा टिचकी मारली की बाहेर येतात. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तोडायची ती नर फुलं, बारीक सरळ देठाची. मागे इवलासा भोपळा धरलेलं असतं ते मादी फूल, त्याला हात लावायचा नाही. आणि नरही सगळे तोडायचे नाहीत. परागीभवनाला काही झाडावर ठेवायचे. मिटलेल्या फुलात कधी मधमाशी अडकलेली असते, म्हणून डब्यात टाकायच्या आधी एक पाकळी उघडून बघायची.

डब्यात फुलांचा एकच थर. हे मी शिकले ते व्हायोलाच्या एका खोल बादलीतून. वरची फुलं टवटवीत होती, खालची सगळी एकमेकांच्या वजनानं चेपून पारदर्शक झाली होती. फुलाच्या पाकळीला लागलेला मार लगेच दिसत नाही, दोन-तीन तासांनी तपकिरी डाग होऊन वर येतो. तोवर तुम्ही ‘काम छान झालं’ म्हणून चहाला गेलेले असता. उथळ डबा, तळाशी जेमतेम ओलसर कागद, डबा सावलीत, आणि अर्ध्या तासाच्या आत फ्रिजमध्ये. ४ अंशांच्या आसपास व्हायोला काही दिवस राहतात, बोराज जेमतेम एखाद-दोन दिवस, भोपळ्याचं फूल त्याच दिवशी गेलेलं बरं. बेसिल मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. १० अंशांच्या खाली त्याची पानं काळी पडतात. त्याच्या जुड्या पाण्यात उभ्या करून गार सावलीत ठेवायच्या.

पानांच्या खुडणीत नवी माणसं एक चूक हटकून करतात: बेसिलची मोठी मोठी पानं खालून वेचतात. त्यानं झाड उंच, काडीसारखं होतं आणि लवकर फुलावर जातं. शेंडा खुडायचा, आणि तो पानांच्या जोडीच्या लगेच वर. त्या बेचक्यात दोन बारीक फुटवे बसलेले दिसतात. शेंडा गेला की ते दोन्ही जोर धरतात, एका फांदीच्या दोन होतात. एका वेळी झाडाचा एक तृतीयांश भाग गेला की थांबायचं. लॅव्हेंडर आणि थाइमला हिरव्या भागातच कात्री लावायची. खाली जुन्या लाकडात कापलं तर तिथून पुन्हा फुटवा येईल याचा भरवसा नाही.

बाकीचा दिवस

तोडणी दोन तास, बाकी खुरपणी. स्वयंसेवकाचा खरा उपयोग इथेच होतो, आणि मला आता हे काम तोडणीपेक्षा जास्त आवडतं. जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना तण मुळासकट येतं. चिखल असताना वाफ्यात पाय घालू नका, माती घट्ट बसते आणि ती मोकळी करायला महिना जातो. पुदिन्याचे धावते कोंब दुसऱ्या वाफ्यात शिरलेले दिसले तर नुसते तोडून चालत नाही, मातीखालचा दोर हाताला लागेपर्यंत ओढत जायचं. पाणी फुलांवर नाही, मुळाशी.

वाळलेली फुलं रोज काढायची. बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि कळ्या कमी होतात. ज्या झाडांचं बी ठेवायचं आहे त्यांना खूण असते, ती आधी विचारून घ्या.

किडीबद्दल एक कळकळीची विनंती. दुसऱ्या आठवड्यात नॅस्टर्शियमच्या पानामागे काळा मावा होता आणि त्याच्यात फिरणाऱ्या करड्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या. मी मन लावून एकेक चिरडली. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या, म्हणजे तो मावा खाणाऱ्या. फवारणी नसलेल्या शेतावर त्याच आमच्या कामगार. काकूंनी मला दुसऱ्या पानावर नेऊन एक अळी मावा धरून खाताना दाखवली. तेव्हापासून कुठलाही किडा मारण्याआधी मी पाच मिनिटं त्याच्याकडे बघते, तो काय खातोय ते.

हात साबणानं धुणं, केस बांधणं हे सांगायला नको. सांगायला हवं ते हे: ताजं शेणखत ओढून आलात तर कपडे बदलल्याशिवाय फुलांच्या वाफ्यात जाऊ नका. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत माणसाच्या खाण्याच्या पिकाचा खायचा भाग मातीला टेकत असेल, तर कच्चं शेणखत घालणं आणि तोडणी यांत किमान १२० दिवसांचं अंतर लागतं, टेकत नसेल तर ९०. आणि पोट बिघडलं तर लपवू नका. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास तोडणी आणि पॅकिंगपासून लांब राहायचं. खुरपणी आहेच की.

संध्याकाळी निघताना, ज्या वाफ्यापर्यंत तोडलं तिथे काठीला चिंधी बांधून ठेवा. आणि फळ्यावर तीन ओळी लिहा: काय तोडलं, कुठे मावा दिसला, उद्या कुठल्या कळ्या उमलतील. सकाळी तुमच्या जागी दुसरं कुणी येणार असेल तर ते त्या चिंधीपासून सुरुवात करतील.