कॉइलवाला की हॉलवाला? क्रँक सेन्सर तपासण्याआधी एवढं ठरवा

पांढरकवड्याजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून माझं गॅरेज आहे. दिवाळीनंतर कापूस निघायला लागला की पिकअप दोरीने ओढत येतात. सेल्फ जोरात फिरतो, डिझेल भरलेलं असतं, पण इंजिन फायर घेत नाही. किंवा मालक सांगतो, "भाऊ, थंडी असली का चालू होते, अन् तापली का बसते." अशा वेळी क्रँक सेन्सरवर (इंजिनचा क्रँक किती वेगाने आणि कुठवर फिरलाय हे सांगणारा सेन्सर) संशय घ्यायलाच हवा. स्कॅनर असेल तर सेल्फ मारताना आरपीएम बघा. सेल्फ फिरत असताना तिथे शून्य दिसत असेल तर ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, सिग्नल पोचत नाही. कोड बहुतेक वेळा पी ०३३५ येतो. पण तो कोड सर्किटचा आहे, सेन्सर मेला असं तो म्हणत नाही. हा फरक मी शेतकऱ्याच्या पैशाने शिकलो, म्हणून लिहितोय.

एका पिकअपला तीन वायरचा सेन्सर होता. मी कपलर (वायरिंगचा सॉकेट) काढून तिन्ही पिनांवर ओहम, म्हणजे रोध, मोजले, मीटरने काहीच दाखवलं नाही, आणि मी सेन्सर गेला म्हणून सांगून मोकळा झालो. मालकाने नागपूरहून नवा आणला. कापूस तीन दिवस गाडीत पडून राहिला. नवा बसवला, गाडी तशीच. शेवटी वणीच्या एका वायरिंगवाल्या काकांनी फोनवर विचारलं, "सेन्सर कॉइलचा हाय का हॉलचा?" मला उत्तर देता आलं नाही.

तर आधी जात ओळखायची. कॉइलवाल्यात लोहचुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. समोरून क्रँकसोबत फिरणाऱ्या रिंगचे दाते गेले की त्यात स्वतःच एसी व्होल्टेज तयार होतं, बाहेरचा सप्लाय लागत नाही. हॉलवाल्याच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. तिला ५ किंवा १२ व्होल्ट सप्लाय आणि अर्थ (मायनस) लागतो, आणि ती सिग्नलची वायर वर-खाली करून चौकोनी सिग्नल देते.

दोन वायर म्हणजे कॉइल, तीन म्हणजे हॉल, हा आयटीआयच्या पोरांचा हिशेब बऱ्याचदा जुळतो, पण त्यावर विसंबू नका. कॉइलवाल्यालाही तिसरी वायर असते, ती शिल्डची, म्हणजे सिग्नलमध्ये बाहेरचा गोंधळ शिरू नये म्हणून असलेल्या आवरणाची. पान्हा चिकटला म्हणजे कॉइलवाला, हेही खरं नाही, कारण पुष्कळ हॉल सेन्सरच्या टोकातही चुंबक असतं. खात्री व्होल्टेजनेच होते. कपलर काढा, चावी ऑन करा, वायरिंगकडच्या पिना बॅटरीच्या मायनसला धरून मोजा. एका पिनेवर पक्के ५ किंवा १२ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसऱ्यावर ईसीयूने दिलेलं व्होल्टेज (बहुधा ५) आलं, तर हॉल. काही गाड्यांत कॉइलच्या वायरवर दीड-दोन व्होल्ट दिसतात. तो ईसीयूचा बायस, म्हणजे त्याने सिग्नलच्या वायरवर ठेवलेलं थोडं व्होल्टेज, असतो, त्याला सप्लाय समजू नका.

कॉइलवाल्याचं काम सोपं. चावी बंद करून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण २०० ते १५०० च्या मध्ये कुठेतरी येतं, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. कोणतीही पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यात काहीच दिसता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, हात पंख्यापासून दूर. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त यायला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ डिग्री असते, म्हणून गरम असतानाही मोजा. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच. २५ डिग्रीला ८०० असेल तर ९० डिग्रीला हजाराच्या जवळ जाईल, तो दोष नाही. पण गरम झाल्यावर आकडा एकदम गायब झाला तर आत तार तुटली आहे. कॉइलच्या दोन वायरी उलट जोडल्या तर सिग्नल उलटा होतो, टायमिंग चुकतं, म्हणून उंदराने कुरतडलेली वायर जोडताना रंग जुळवा.

हॉलवाल्यावर ओहम लावूच नका. आत चिप आहे, त्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि मीटरच्या करंटने चिपला इजा होऊ शकते. कपलर लावलेलाच ठेवा, मागून बारीक सुई घालून सिग्नलची वायर डीसी व्होल्टवर मोजा, आणि पुलीच्या नटला पान्हा लावून इंजिन हळूहळू हाताने फिरवा. त्याआधी इंजेक्टरचा फ्यूज काढा, नाहीतर इंजिन झटका मारेल. दाता आला-गेला की व्होल्टेज शून्याजवळ आणि ५ च्या जवळ असं उड्या मारायला हवं. ६०-२ ची रिंग असेल तर ५८ दाते आणि दोन दात्यांची मोकळी जागा. इंजिन कुठे आहे हे ईसीयूला त्या जागेवरून कळतं. दाता वाकलेला नाही ना, टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला नाही ना, तेही बघून घ्या.

त्या पिकअपमध्ये कपलर काढून मोजलं तेव्हा ५ व्होल्ट बरोबर दिसले होते, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. काकांनी कपलर लावून अर्थच्या वायरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजायला लावलं. तिथे ०.१ पेक्षा जास्त नको, मला २ च्या वर दिसलं. वायरिंगच्या जॉइंटमध्ये पाणी जाऊन तांबं हिरवं पडलं होतं. वीतभर वायर बदलली, सोल्डर केली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. सेन्सरचे पैसे मी मालकाला परत दिले.

नवा सेन्सर खरंच लागला तर बसवताना गॅप बघा, बहुतेक ठिकाणी ०.५ ते १.५ मिलिमीटर. कोड क्लिअर करा, गाडी उन्हात उभी करून पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवा, बंद करा, आणि गरम असतानाच पुन्हा सेल्फ मारा. मग चावी मालकाच्या हातात द्या.