बिल अडकलंय? एखादंच विका, सगळी नको

माल पोचला, बिल गेलं, पण पार्टी पैसे देणार ६० दिवसांनी आणि पगार मात्र १ तारखेलाच करायचे, अशा वेळी ते बिल फॅक्टरिंग कंपनीला विकायचं, साधारण ८० टक्के लगेच मिळतात, उरलेले पार्टीने भरले की फी कापून.

फक्त चांगल्या पार्टीचं एखादं मोठं बिल द्या. माल मिळाल्याचा सही-शिक्का आधीच घेऊन ठेवा, फाईल तिथंच अडते.

फी नीट मोजा हं, १ लाखाच्या बिलावर महिना २ टक्के म्हणजे २ हजार, पण हातात आलेत ८० हजारच, म्हणजे खरा खर्च महिना अडीच टक्के, वर्षाचे झाले ३०!

आणि करारात 'विथ रिकोर्स' असेल तर पार्टीने बुडवलं की ते पैसे तुम्हीच परत करायचे.