गिफ्ट कार्डांवरील परताव्याचे थर आणि मुलांचे ५२९ खाते

अमेरिकेत मुलांच्या कॉलेजसाठी पैसे साठवायचे म्हटले की बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर ५२९ खातेच येते. संघीय करकायद्याच्या ज्या कलमावरून हे नाव पडले, ते १९९६ साली अस्तित्वात आले. या खात्यातील रकमेत होणारी वाढ पात्र शैक्षणिक खर्चासाठी काढल्यास तिच्यावर संघीय प्राप्तिकर लागत नाही. अन्य कारणासाठी काढल्यास वाढीच्या भागावर कर आणि वर १० टक्के दंड भरावा लागतो. पगारातून दरमहा ठरावीक रक्कम या खात्यात भरणे हाच खरा मार्ग आहे. मात्र जो घरखर्च होणारच आहे, त्यातूनही थोडी जादा रक्कम तिकडे वळवता येते, आणि त्यासाठी गिफ्ट कार्डांचा उपयोग होतो.

यातील युक्ती अशी की क्रेडिट कार्ड कंपनीला सहसा खरेदी कोणत्या प्रकारच्या दुकानात झाली एवढेच कळते. पिशवीत काय पडले ते कळत नाही. अमेरिकेतील मोठ्या सुपरमार्केटांत हार्डवेअर, कपडे, उपाहारगृहे, विमानप्रवास अशा नाना प्रकारच्या कंपन्यांची गिफ्ट कार्डे टांगलेली असतात. त्यामुळे ज्या क्रेडिट कार्डावर किराण्यासाठी जास्त परतावा (कॅशबॅक) मिळतो, त्याच कार्डाने हार्डवेअरच्या दुकानाचे गिफ्ट कार्ड घेतले, तर हार्डवेअरच्या खर्चालाही किराण्याचा दर लागू होतो. हा पहिला थर. सुपरमार्केट स्वतःच्या सदस्यांना जे पॉइंट्स देते तो दुसरा, आणि पुढे प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी त्या दुकानाच्या सदस्यत्वातून काही मिळाले तर तो तिसरा.

एक उदाहरण सविस्तर पाहू. क्रोगर या सुपरमार्केट साखळीत गिफ्ट कार्डांवर अधूनमधून प्रत्येक डॉलरमागे ४ इंधन पॉइंट्स देणारी सवलत असते आणि १०० पॉइंट्सना गॅलनमागे १० सेंट सूट मिळते. अशा वेळी हार्डवेअर दुकानाचे १०० डॉलरचे कार्ड घेतले, तर ४०० पॉइंट्स, म्हणजे गॅलनमागे ४० सेंट सूट पदरात पडते. १५ गॅलनची टाकी भरली की ६ डॉलर वाचतात. किराण्यावर ६ टक्के देणारे क्रेडिट कार्ड वापरले असेल तर आणखी ६ डॉलर. शंभरावर बारा डॉलर म्हणजे घसघशीत परतावा झाला. मात्र हे पॉइंट्स ज्या महिन्यात मिळाले त्याच्या पुढच्या महिन्याअखेर बाद होतात, त्यामुळे घरात गाडीचा वापर बेताचा असेल तर दुसरा थर कागदावरच राहतो.

पहिल्या थराचाही हिशेब नीट मांडायला हवा, कारण जाहिरातीतला टक्का आणि हाती येणारा टक्का यांत अंतर असते. किराण्यावर ६ टक्के देणारे अमेरिकन एक्सप्रेसचे ब्लू कॅश प्रीफर्ड कार्ड घेतले, तर हा दर वर्षाला ६,००० डॉलरपर्यंतच मिळतो, त्यापुढे १ टक्का, आणि वार्षिक शुल्क ९५ डॉलर आहे. मर्यादा पूर्ण वापरली तरी ३६० डॉलरमधून शुल्क वजा जाता २६५ उरतात. सरसकट २ टक्के देणाऱ्या, बिनशुल्क कार्डावर तेवढ्याच खर्चाला १२० डॉलर मिळालेच असते. म्हणजे खरा फायदा १४५ डॉलरचा. शिवाय ज्या घराचा किराणाच महिन्याला ५०० डॉलर आहे, त्याची मर्यादा भाजीपाल्यातच संपते आणि गिफ्ट कार्डांवर १ टक्काच पडतो. अशा घराने ही कार्डे अन्य क्रेडिट कार्डाने घ्यावीत; काही कार्डांवर तिमाहीनुसार बदलणाऱ्या खर्चप्रकारांना ५ टक्के मिळतात, त्यात किराण्याची पाळी येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

तिसऱ्या थराच्या मागे फार लागू नये, असे माझे मत आहे. कॅशबॅक पोर्टलवरून, म्हणजे आपल्यामार्फत केलेल्या खरेदीवर परतावा देणाऱ्या संकेतस्थळावरून, दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन तेथे गिफ्ट कार्डाने पैसे दिल्यास अनेकदा पोर्टलचा परतावा नाकारला जातो, तेव्हा अटी आधी वाचाव्यात. वस्तू परत केली तर पैसे सहसा गिफ्ट कार्डावरच परत येतात. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारी वाढीव हमी किंवा खरेदीचे संरक्षणही बहुधा गमवावे लागते. म्हणून फ्रिज किंवा लॅपटॉपसारखी मोठी खरेदी या मार्गाने करणे मला पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. वाचलेले पैसे ५२९ खात्यात आपोआप जात नाहीत. कॅशबॅक क्रेडिट कार्डाच्या बिलातून वळता केला की तो घरखर्चात विरघळतो, आणि पेट्रोलवर वाचलेले ६ डॉलर तर कुठेच दिसत नाहीत. यावर उपाय म्हणजे कॅशबॅक बँक खात्यात घ्यावा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, इंधनावरील बचत धरून, तेवढी रक्कम ५२९ खात्यात भरावी. फिडेलिटी या गुंतवणूक कंपनीच्या क्रेडिट कार्डाचा २ टक्के परतावा थेट त्यांच्याकडील ५२९ खात्यात वळवता येतो. अपप्रॉमिस ही सेवाही मिळालेला परतावा जोडलेल्या ५२९ खात्यात पाठवते. दरमहा २५ डॉलर अशा रीतीने १८ वर्षे भरले, तर मुद्दल ५,४०० डॉलर होते आणि वार्षिक ५ टक्के वाढ धरल्यास एकूण रक्कम सुमारे ८,७०० डॉलर. एवढ्यात कॉलेजची फी भागत नाही, पण पुस्तकांचा खर्च निघतो. अनेक राज्ये या भरण्यावर राज्य प्राप्तिकरात वजावट देतात. कॅलिफोर्निया मात्र देत नाही.

कराच्या बाबतीत, खर्च करून मिळालेला परतावा उत्पन्न न मानता किमतीतील सूट मानला जातो. २०२१ साली अमेरिकी कर न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात एका दांपत्याने प्रचंड प्रमाणात व्हिसा गिफ्ट कार्डे घेऊन त्यांतून मनी ऑर्डर काढल्या होत्या. न्यायालयाने गिफ्ट कार्डांवरील परतावा करमुक्त ठरवला, पण क्रेडिट कार्डाने थेट घेतलेल्या मनी ऑर्डरवरील परतावा उत्पन्न धरला. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या गिफ्ट कार्डांवर खरेदीच्या वेळी शुल्क पडते आणि काही क्रेडिट कार्ड कंपन्या त्यांना रोख रकमेसमान मानून परतावा नाकारतात, हे त्याबरोबर लक्षात ठेवावे. त्यापेक्षा ठरावीक दुकानातच चालणारी कार्डे घेणे जास्त सुरक्षित.

२००९ च्या संघीय कायद्याप्रमाणे गिफ्ट कार्डातील रक्कम किमान ५ वर्षे बाद होत नाही, आणि वर्षभर कार्ड वापरले नसल्याशिवाय त्यावर निष्क्रियतेचे शुल्क लावता येत नाही. तरी साठा करू नये. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कार्डधारकाला पैसे मिळतीलच असे नाही. येत्या महिन्या-दीड महिन्यात जेथे खर्च होणारच आहे, तेवढ्याच रकमेचे कार्ड घ्यावे. दुकानात कार्ड उचलताना पिन झाकणारी पट्टी खरवडलेली किंवा वर दुसरी चिकटवलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. चोर आधीच क्रमांक टिपून ठेवतात आणि कार्ड सुरू होताच ते रिकामे करतात. पावती जपून ठेवावी, आणि शक्य असेल तेथे ई-मेलने येणारे कार्ड घ्यावे.