सोसायटीच्या सभेत मुद्दा पटवताना

मुद्दा रास्त असूनही ठराव पडतो, कारण आपण थेट खर्चापासून सुरुवात करतो. ॲरिस्टॉटलने सांगितलेले पटवण्याचे तीन मार्ग या क्रमाने वापरा. समजा, पाण्याची टाकी दुरुस्त करायची आहे.

१. विश्वास: "प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो, गळती स्वतः पाहिली."

२. भावना: त्रास कोणाला होतो, ते एका वाक्यात. "तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खालून बादली न्यावी लागते." इथे थोडं थांबा, लोकांना बोलू द्या. सभा खरी इथेच वळते.

३. तर्क: तीन कोटेशनं समोर ठेवा. एकूण रकमेसोबत दर घरामागे किती पडेल, तेही सांगा.

मात्र त्रास फुगवून सांगू नका. एक अतिशयोक्ती पकडली गेली, तर खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.