कुंभाराच्या चाकाला जड लोखंडी तबकडी बसवताना

दोन-तीन किलोचा मातीचा गोळा मध्यावर आणताना हात दाबला की चाक मंदावतं? तबकडी हलकी असेल तर ती बदला. ३० सेंमी व्यासाची, १२ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तबकडी सव्वादोन किलोच्या आसपास भरते. तेवढीच लोखंडी साडेसहा किलोच्या वर जाते.

१. शाफ्टचा (तबकडी फिरवणाऱ्या दांड्याचा) व्यास व्हर्नियरने मोजा. टेपवर विसंबू नका.
२. माइल्ड स्टीलच्या गोल प्लेटला खालून बॉस (शाफ्टवर बसणारी जाड नळी) वेल्ड करून घ्या.
३. लेथकाम वेल्डिंगनंतरच. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट वाकते, आधी केलेलं काम वाया जातं. आधी बॉसचं छिद्र, मग त्याच मापाच्या मॅन्ड्रेलवर (लेथवर काम धरणाऱ्या दांड्यावर) चढवून वरचा पृष्ठभाग आणि कड.
४. शाफ्टवर बसवून बॉसमधला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आवळा. कडेजवळ पेन्सिल स्थिर धरून तबकडी हाताने फिरवा. फट अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बदलली, तर परत लेथवर न्या.

काम संपल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज पांढऱ्या मातीत उतरतो.

छोट्या मोटरच्या चाकावर हे करण्याआधी बेअरिंग तपासा. शाफ्ट हलत असेल तर वजन वाढवू नका.